इंटरमिटंट फास्टिंगने चेहरा खरंच स्वच्छ होतो का?

कोरीपाटी

"सोळा तास पोट रिकामं ठेवा, मुरुम आपोआप जातील" हे इतक्यांदा ऐकू येतं की त्यात खरं किती ते एकदा नीट मांडावं, म्हणून हा धागा.

माझं मत आधी सांगते. नुसत्या उपाशी राहण्याच्या तासांनी मुरुम जातात असं म्हणायला पुरेसा आधार नाही. ज्यांना फरक पडतो त्यांना तो बहुतेक वेळा खाणं बदलल्यामुळे पडतो. आठ तासांतच खायचं ठरवलं की रात्री उशिराचं गोड, येताजाता तोंडात टाकलेली बिस्किटं, साखर घातलेली पेयं यांना जागाच उरत नाही. श्रेय मात्र उपासाला जातं.

मुरुम येतो तो चार गोष्टी जुळून आल्या की. तेलग्रंथी जास्त सीबम (त्वचेचं तेल) तयार करतात, केसाच्या मुळाशी मृत पेशींचं बूच बसतं, आत क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस हा जिवाणू वाढतो आणि दाह सुरू होतो. खाण्याचा हात मुख्यतः पहिल्या दोन गोष्टींपर्यंत पोचतो, तोही इन्सुलिनमार्फत. इन्सुलिन वारंवार वर गेलं की आयजीएफ-१ या वाढीला चालना देणाऱ्या हार्मोनला बांधून ठेवणारं एक प्रथिन कमी होतं, आणि आयजीएफ-१ मोकळं होतं. शिवाय यकृत एसएचबीजी हे लैंगिक हार्मोन बांधून ठेवणारं प्रथिन कमी बनवतं, त्यामुळे रक्तात मोकळे अँड्रोजेन (पुरुषी हार्मोन) वाढतात. तेलग्रंथी या दोन्हींचं ऐकतात.

मग प्रश्न असे: आधी तास बदलावेत की ताट? फरक किती दिवसांत दिसायला हवा? आणि कोणी हे करूच नये?

---

सूक्ष्मदर्शी

ताट आधी. त्याला निदान प्रयोगांचा आधार आहे. २००७ साली ऑस्ट्रेलियात १५ ते २५ वयाच्या मुलांवर १२ आठवड्यांचा प्रयोग झाला. एका गटाला कमी ग्लायसेमिक लोडचा, म्हणजे रक्तातली साखर कमी चढवणारा आहार, दुसऱ्याला नेहमीचा कर्बोदकांचा. पहिल्या गटाचे मुरुम जास्त कमी झाले. २०१२ साली कोरियात १० आठवड्यांचा असाच प्रयोग झाला, त्यात त्वचेचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तेव्हा तेलग्रंथींचा आकारही घटलेला दिसला.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. २००७ च्या प्रयोगात पहिल्या गटाचं वजनही उतरलं होतं. त्यामुळे गुण आहाराचा किती आणि वजनाचा किती, हे त्यातून वेगळं काढता येत नाही. आणि दोन्ही प्रयोग लहान होते.

उपासाचे मोठे प्रयोग वजनावर आणि रक्तातल्या साखरेवर झालेत, मुरुमांवर नाहीत. २०२० साली अमेरिकेत ११६ जणांवर १६:८ चा (सोळा तास उपास, आठ तासांत खाणं) प्रयोग झाला. १२ आठवड्यांनी तीन वेळा जेवणाऱ्या गटाच्या तुलनेत वजनात म्हणावा असा फरक नव्हता, उलट उतरलेल्या वजनात स्नायूंचा वाटा जास्त निघाला. २०२२ साली चीनमध्ये १३९ जणांवर वर्षभराचा प्रयोग झाला. दोन्ही गटांचे कॅलरी सारखेच कमी केले होते, आणि तासांच्या बंधनाने वेगळा फायदा दिसला नाही.

---

रानमेवा

पण उपासात पेशी स्वतःची साफसफाई करतात ना? ऑटोफॅजीला तर नोबेल मिळालंय.

---

सूक्ष्मदर्शी

@रानमेवा, मिळालंय. २०१६ साली, योशिनोरी ओसुमी यांना. पण ते काम यीस्टच्या पेशींवरचं होतं: पेशी आपलेच जुने भाग कसे मोडते आणि त्यामागे कोणती जनुकं आहेत, हे त्यातून कळलं. माणसाने सोळा तास न खाल्ल्याने चेहऱ्याच्या तेलग्रंथीत काय होतं, याबद्दल ते काम काहीच सांगत नाही. मधल्या पायऱ्या लोकांनी आपल्या मनाने जोडल्यात.

---

चमचाभर

सगळ्यात जास्त चूक होते ती उपास सोडताना. सोळा तास कळ काढायची आणि पहिला घास पांढरा पाव, जॅम, फळांचा गाळलेला रस. लांब उपाशी राहिल्यावर स्नायू साखर उचलायला थोडे आळसावलेले असतात. त्यामुळे तेवढंच गोड एरवीपेक्षा साखर जास्त वर नेऊ शकतं आणि इन्सुलिन तिच्यामागे धावतं. मग सोळा तासांत जे कमावलं ते अर्ध्या तासात गेलं.

पहिल्या ताटाचा क्रम असा ठेवा:

आधी भाजी किंवा सॅलड, साधारण दोन मुठी. मग प्रथिनं: अंडी, मासा, टोफू किंवा शिजवलेली कडधान्यं. भात, पाव, बटाटा सगळ्यात शेवटी. पदार्थ तेच, फक्त क्रम बदलला तरी जेवणानंतरची साखर कमी चढते. पाठोपाठ १० ते १५ मिनिटं चालणं. लगेच, तासाभराने नव्हे, कारण साखरेचं शिखर साधारण पाऊण ते एक तासात येतं आणि चालायचं ते त्याच्या आधी.

ग्लायसेमिक इंडेक्सच्या, म्हणजे पदार्थातली कर्बोदकं साखर किती वेगाने चढवतात त्याच्या, नुसत्या आकड्याने फसू नका. लोड बघा. इंडेक्स गुणिले ताटात वाढलेल्या तेवढ्या पदार्थातली कर्बोदकं ग्रॅममध्ये, भागिले १००. दहापर्यंत कमी, वीसच्या वर जास्त. कलिंगडाचा इंडेक्स ७० च्या पुढे, पण १२० ग्रॅम फोडींत कर्बोदकं जेमतेम ६ ते ९ ग्रॅम, म्हणून लोड ४ ते ६. दीडशे ग्रॅम शिजवलेल्या पांढऱ्या भाताचा लोड ३० च्या आसपास जातो. तेवढ्याच उकडलेल्या छोल्यांचा दहाच्या आत. कलिंगड बिचारं उगाच बदनाम आहे.

---

ध्रुवतारा

कोरीपाटी, तुमच्या मताशी अर्धाच सहमत. तासांना तुम्ही फारच कमी लेखताय.

एक तर "संध्याकाळी साडेसातनंतर काही नाही" हा नियम पाळायला सोपा. लोड मोजत बसणं दहातल्या नऊ जणांना महिनाभरही जमत नाही. दुसरं म्हणजे वेळेचा शरीराशी खरोखर संबंध आहे. तेच जेवण सकाळी घेतलं तर साखर कमी चढते, रात्री घेतलं तर जास्त. २०१८ साली ८ पुरुषांवर एक छोटा प्रयोग झाला, सगळे मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे. खाणं सहा तासांत आणि शेवटचं जेवण दुपारी तीनच्या आत. पाच आठवड्यांत वजन न उतरताही इन्सुलिनला शरीराचा प्रतिसाद सुधारला.

म्हणून सोळा तास करायचेच तर नाश्ता गाळून रात्री दहाला जेवण्यात अर्थ नाही. रात्रीचं जेवण अलीकडे ओढा. बहुतेक लोक नेमकं उलटं करतात, कारण सकाळी तशीही भूक कमी असते.

---

कोरीपाटी

@ध्रुवतारा, रात्रीचं जेवण अलीकडे आणण्याचा मुद्दा पटला. पण मग सोळाचा हट्ट कशाला? रात्री आठ ते सकाळी आठ हे बारा तास आधी दोन आठवडे सांभाळावेत. मग जेवण सातला आणावं, की झाले तेरा. मग न्याहारी नऊला, चौदा. चेहऱ्यासाठी चौदाच्या पुढे जाण्याचं कारण मला दिसत नाही, आणि आठ तासांत प्रथिनं बसवणं वाटतं त्याहून अवघड असतं.

साठ किलोच्या माणसाला दिवसाला साठ ते सत्तर ग्रॅम प्रथिनं धरली तर दोन जेवणांत प्रत्येकी तीस-पस्तीस ग्रॅम हवीत. दोन अंड्यांत बारा-तेरा. दीडशे ग्रॅम शिजवलेल्या कडधान्यात साधारण तेवढीच. म्हणजे एका जेवणात दोन्ही घेऊनही कमीच पडतात. तीन जेवणं असली की सहज बसतं.

---

पानगळ

जे कोणी एकदम जोरात सुरू करतात त्यांच्यासाठी तीन इशारे.

पहिला, केस. कॅलरी अचानक फार कमी केल्या की केस लगेच गळत नाहीत, दोन-तीन महिन्यांनी मुठीत येतात. तोवर कारण विसरलेलं असतं आणि दोष शाम्पूवर जातो. आठवड्याला अर्धा किलोपेक्षा वेगाने वजन उतरत असेल तर ताटात भर घाला.

दुसरा, पुरळ. लांब उपास किंवा जवळजवळ शून्य कर्बोदकांचा आहार, म्हणजे शरीर कीटोसिसमध्ये, साखरेऐवजी चरबी जाळण्याच्या अवस्थेत. काहींना त्यात छाती, पाठ आणि मानेवर खूप खाजणारे लाल पुळे उठतात आणि बसताना तपकिरी जाळीसारखे डाग ठेवून जातात. याचं नाव प्रुरिगो पिगमेंटोसा, १९७१ साली जपानमध्ये पहिल्यांदा नोंदलं गेलं. "शरीरातली घाण बाहेर पडतेय" म्हणून उपास आणखी लांबवणं ही यातली नेमकी चूक. कर्बोदकं परत सुरू केली की बरेचदा ओसरतं. नाही तर डॉक्टर डॉक्सिसायक्लिनसारखं औषध देतात.

तिसरा, पाळी. चुकली किंवा लांबली तर उपास तिथेच थांबवायचा. चेहऱ्यापेक्षा ते मोठं आहे.

---

रानमेवा

म्हणजे "डिटॉक्स पिंपल्स" वगैरे काही नसतं?

---

पानगळ

नाही. रेटिनॉइड (मुरुमांवरचं अ जीवनसत्त्वाच्या जातीचं मलम) लावायला सुरुवात केली की पहिल्या काही आठवड्यांत आत तयार असलेले मुरुम लवकर वर येतात, ते खरं आहे. तीच कल्पना आहारावर चिकटवली गेलीय. आहार बदलल्यावर मुरुम वाढले तर नव्याने काय सुरू केलं ते शोधा. बहुतेकदा प्रोटीन पावडर सापडते.

---

दुधावरचीसाय

त्यावरच लिहायला आले. व्हे प्रोटीन हे दुधातलंच, आणि इन्सुलिन चांगलंच वर नेणारं. पावडर सुरू केल्यावर छाती-पाठ-जबड्यावर मुरुम उठले आणि बंद केल्यावर गेले, अशा नोंदी त्वचाविकारांच्या नियतकालिकांत आहेत. व्यायाम करणाऱ्याने पहिला संशय इथे घ्यावा. बदली म्हणून वाटाण्याच्या प्रथिनाची पावडर किंवा सरळ अंडी.

दुधाचं थोडं वेगळं आहे. मोठ्या पाहण्यांत दूध आणि मुरुम यांचा संबंध दिसतो, आणि गंमत म्हणजे साय काढलेल्या दुधाचा जास्त दिसतो. म्हणजे दोष स्निग्धांशाचा नसावा. दही आणि चीजचा संबंध त्यामानाने पुसट. पण हा संबंधच आहे, कारण म्हणून सिद्ध झालेलं नाही. म्हणून सगळ्यांनी दूध सोडा असं मी म्हणणार नाही. दिवसाला दोन-तीन ग्लास पीत असाल आणि मुरुम हटत नसतील तर आठ ते बारा आठवडे बंद करून पाहा. तोवर दही चालू ठेवा, नाही तर कॅल्शियम कुठून आणणार? प्रौढाला दिवसाला १००० मिलिग्रॅमच्या आसपास लागतं.

ओट मिल्कवर जाणाऱ्यांनी पाकिटाची मागची बाजू वाचा. ओट्समधला स्टार्च एन्झाइमने फोडलेला असतो, त्यातून माल्टोज (एक प्रकारची साखर) तयार होतं. "साखर घातलेली नाही" लिहिलेलं असलं तरी ते आत असतंच, आणि माल्टोज रक्तातली साखर फार झपाट्याने चढवतं. बिनसाखरेचं, कॅल्शियम घातलेलं सोया दूध त्यापेक्षा बरं.

---

रानमेवा

आणि चॉकलेट?

---

सूक्ष्मदर्शी

चॉकलेटने मुरुम येत नाहीत, हे वाक्य १९६९ च्या एका प्रयोगावर कित्येक वर्षं उभं होतं. एका गटाला चॉकलेट, दुसऱ्याला चॉकलेट नसलेली वडी, आणि दोघांत फरक नाही. पण त्या दुसऱ्या वडीत साखर आणि स्निग्धांश जवळपास तेवढेच होते. मग फरक दिसणार कसा? कोकोला निर्दोष ठरवता ठरवता साखरही सुटली.

---

गोळीबंद

औषधं चालू असणाऱ्यांनी हा प्रतिसाद नक्की वाचा. उपासाचं वेळापत्रक आणि मुरुमांची औषधं एकमेकांच्या आड येतात.

डॉक्सिसायक्लिन: रिकाम्या पोटी मळमळतं. त्याहून वाईट म्हणजे घोटभर पाण्याबरोबर घेऊन लगेच आडवं झालं की गोळी अन्ननलिकेत चिकटून जखम करते. जेवणाबरोबर, पूर्ण ग्लासभर पाण्याने, आणि पुढे निदान अर्धा तास बसून किंवा उभं. लोह, कॅल्शियम किंवा ॲसिडिटीची गोळी चालू असेल तर मध्ये दोन-तीन तासांचं अंतर, नाहीतर औषध शोषलंच जात नाही.

आयसोट्रेटिनॉइन: नेहमीच्या कॅप्सूलला स्निग्ध पदार्थ लागतात. रिकाम्या पोटी घेतली तर शोषण निम्म्याच्या आसपास येतं. म्हणजे डोस कागदावर पूर्ण, अंगात अर्धा. दिवसातल्या सर्वांत मोठ्या जेवणाबरोबर घ्या, आणि त्या जेवणात अंडं, दाणे, मासा, तेल असं काही असू द्या. गर्भारपणात हे औषध बाळाला गंभीर व्यंग करतं, त्यामुळे ते डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घ्यायचंच नाही.

झिंक: उपाशी पोटी घेतलं की हमखास मळमळ. दिवसाला ४० मिलिग्रॅमची वरची मर्यादा ओलांडून महिनोनमहिने घेतलं तर शरीरातलं तांबं कमी होतं.

बायोटिन: त्वचेसाठी म्हणून सर्रास घेतलं जातं. मोठा डोस थायरॉइडच्या आणि हृदयाच्या ट्रोपोनिनच्या रक्तचाचण्या चुकवू शकतो. रक्त द्यायच्या आधी डॉक्टरांना सांगा.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातल्या गोळ्या चालू असतील तर स्वतःच्या मनाने उपास अजिबात नको, साखर धोकादायक पातळीवर उतरू शकते. अठराच्या आतली मुलं, गर्भवती, अंगावर पाजणाऱ्या, बीएमआय साडेअठराच्या खाली असलेले, आणि खाण्याच्या विकारातून गेलेले लोक यांच्यासाठीही नाही. शेवटच्या गटाबद्दल मी जास्त कळकळीने सांगतो. "चेहऱ्यासाठी करतोय" या नावाखाली तो आजार गुपचूप परत येतो.

---

ध्रुवतारा

+१. वाढत्या वयातल्या मुलांच्या पालकांनी हे वाचायलाच हवं. मुरुम सर्वांत जास्त त्याच वयात असतात आणि उपासाचे व्हिडिओही तीच मुलं बघतात.

---

पानगळ

आहाराने बरं न होणारे "मुरुम" ओळखायलाही शिका. कपाळावर, छातीवर, पाठीवर एकाच मापाचे बारीक पुळे, खाज, आणि एकही ब्लॅकहेड नाही, तर ते मॅलॅसेझिया या बुरशीचं असू शकतं. त्याला बुरशीचं औषध लागतं. मुरुमांसाठी अँटिबायोटिक घेत राहिलात तर उलट वाढतं.

दुसरीकडे, जबड्याच्या रेषेवर खोल दुखरे मुरुम, अनियमित पाळी, हनुवटीवर राठ केस असं एकत्र असेल तर पीसीओएसची (बीजकोशांशी संबंधित हार्मोनच्या बिघाडाची) तपासणी करा. आणि मानेच्या मागे, काखेत काळपट मखमली जाडसर त्वचा दिसत असेल तर ती घासून जाणार नाही. ती इन्सुलिनला शरीर दाद देत नसल्याची खूण असते. अशा व्यक्तीला आहारबदलाचा फायदा होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त.

---

चमचाभर

रोज चार लिटर पाणी प्यायचं का, हेही कोणीतरी विचारेलच. तहान भागेल आणि लघवी फिकट राहील इतकं पुरे. त्यापुढच्या पाण्याने मुरुम गेल्याचा पुरावा नाही. उपासाच्या तासांत बिनदुधाची, बिनसाखरेची कॉफी चालते, पण दुपारनंतर नको. झोप मोडली की दुसऱ्या दिवशी गोडाची ओढ वाढते.

---

मोजपट्टी

कोरीपाटींच्या दुसऱ्या प्रश्नाकडे, म्हणजे किती दिवसांत, कोणी नीट वळलंच नाही.

आज दिसणारा मुरुम आज सुरू झालेला नसतो. बूच बसायला लागल्यापासून वर दिसेपर्यंत साधारण आठ आठवडे जातात. त्यामुळे दोन आठवड्यांत "काही उपयोग नाही" किंवा "जादू झाली" ही दोन्ही वाक्यं चुकीची. बारा आठवडे धरा.

आणि मोजा. आरशावर भरवसा ठेवू नका, तो रोज वेगळं सांगतो. आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी सकाळी, तोंड धुतल्यावर वीस मिनिटांनी. एकाच खिडकीशी, एकाच अंतरावरून तीन फोटो: समोर, डावी बाजू, उजवी बाजू. मग चेहऱ्याचे पाच भाग करा: कपाळ, दोन गाल, नाक, हनुवटी. प्रत्येक भागात दोन आकडे लिहा, लाल-सुजलेले किती आणि बंद-उघडी बुचं (व्हाइटहेड-ब्लॅकहेड) किती. बंद बुचं समोरच्या उजेडात दिसत नाहीत. खोली अंधारी करून टॉर्च कानाजवळ आडवा धरा, त्वचा दोन बोटांनी किंचित ताणा, की गुळगुळीत वाटणाऱ्या गालावर रव्यासारखी टेकाडं उठून दिसतात. लाल डाग मोजू नका. ते जुन्या मुरुमांची सावली आहेत, जायला महिने घेतात, आणि त्यांनाच मोजून लोक निराश होतात.

एका वेळी एकच बदल. पहिले बारा आठवडे गोड पेयं, मैद्याचे पदार्थ आणि रात्रीचं खाणं. मगच दूध. ॲडापॅलीनसारखं मलम त्याच आठवड्यात सुरू केलंत तर गुण कोणाचा ते कधीच कळणार नाही.

---

कोरीपाटी

@मोजपट्टी, शेवटच्या वाक्याला थोडा विरोध. मुरुम खोल असतील, खड्डे पडत असतील, तर कोणाचा गुण हे कळण्यासाठी मलम बारा आठवडे लांबवू नये. पडलेला खड्डा आहाराने भरत नाही. तिथे आधी त्वचारोगतज्ज्ञ, रात्री पूर्ण चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढं ॲडापॅलीन किंवा ते सांगतील ते, आणि आहार सोबतीला. बेंझॉइल पेरॉक्साइड हे जिवाणू मारणारं मलम दिलं तर अडीच टक्क्यांचंही दहा टक्क्यांइतकंच काम करतं आणि जळजळ कमी. फक्त पांढरा टॉवेल वापरा, रंगीत टॉवेलचा रंग उडतो. थोडेफार, वरवरचे मुरुम असतील त्यांनी खुशाल तुमच्या पद्धतीने एकेक बदल तपासावा.

आणि तासांबद्दल: ध्रुवतारांचं ऐकून माझं मत थोडं सरकलं. ताट आधी हे कायम. पण रात्रीचं जेवण अलीकडे आणणं हा ताटाचाच भाग धरायला हवा, ते पहिल्या दिवसापासून करावं. सोळा तास मात्र नकोत.

---

रानमेवा

पाळीच्या आधीच्या आठवड्यात मुरुम वाढतातच. मग मोजणी कशी धरायची?

---

मोजपट्टी

चांगला प्रश्न. आठवड्याची आठवड्याशी तुलना करायची नाही. पाळीच्या पहिल्या दिवसापासून दिवस मोजा, आणि या महिन्यातला दहाव्या दिवसाचा आकडा मागच्या महिन्यातल्या दहाव्या दिवसाशी लावा. पंचविसाव्याचा पंचविसाव्याशी. बारा आठवड्यांत अशा जेमतेम तीन जोड्या मिळतात, म्हणून बदल सुरू करण्याआधी एक पूर्ण महिना काहीही न बदलता नुसतं मोजून ठेवा.